गालाची शस्त्रक्रिया: हौसेची आणि गरजेची

(सामुदायिक रेडिओवर दिलेले भाषण)

रोवणी आटोपली असेल, हात थोडे मोकळे झाले असतील, म्हणून आज जरा वेगळा विषय घेतला आहे.

विषय आहे गाल. हसू नका. गेल्या काही महिन्यांत तीन-चार गटांच्या बैठकीत पोरींनी मोबाईल समोर धरून आम्हाला विचारलं, "ताई, हे खरं असतं का?" मोबाईलवर जाहिरात असते. एका बाजूला बसक्या गालांची मुलगी, दुसऱ्या बाजूला तीच मुलगी, गाल वर आलेले, चेहरा चमकणारा. खाली लिहिलेलं असतं की गालात इम्प्लांट बसवून मिळेल, हप्त्याने पैसे भरा. कर्जाचा हप्ता म्हटला की आमचे कान टवकारतात, ते तर आमचं कामच आहे. म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारलं, वाचलं, आणि जे कळलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

इम्प्लांट म्हणजे बाहेरून आणून शरीरात बसवलेली वस्तू. गालाचं इम्प्लांट बहुतेक वेळा घट्ट सिलिकॉनचं असतं, रबरासारखं. दुसरा एक प्रकार बारीक छिद्रांच्या प्लास्टिकचा असतो, त्या छिद्रांत आपलं मांस वाढून तो जागेवर धरला जातो. डोळ्याखाली बोट ठेवा, जे टणक हाड लागतं ते गालाचं हाड. त्याच्यावर हा तुकडा बसवतात. बाहेरून व्रण दिसू नये म्हणून बहुधा तोंडातूनच जातात. वरचा ओठ उचलून, हिरडीच्या वरच्या खाचेत चीर देतात, हाडावरचं मांस सोडवून खिसा करतात आणि त्या खिशात तुकडा सरकवतात. कधी बारीक स्क्रूने हाडाला पक्का करतात. मग टाके. सूज उतरायला आठवडे लागतात. जाहिरातीत हे आठवडे कुठेच नसतात.

आता यात काय बिघडू शकतं तेही ऐका. चीर तोंडात असते, आणि तोंड म्हणजे जंतूंचं घर. जंतू त्या तुकड्यापर्यंत पोचले तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, पुष्कळदा तो तुकडा काढूनच टाकावा लागतो. तुकडा जागचा हलला तर एक गाल वर, एक खाली. डोळ्याखालून एक नस निघते, ती गालाला आणि वरच्या ओठाला जाणीव देते. ती दुखावली तर तेवढा भाग बधिर होतो, कधी काही महिने, कधी कायमचा. खर्रा किंवा तंबाखू खाणाऱ्या तोंडात जखम नीट भरत नाही, हे तर वेगळं सांगायला नको. खर्च लाखाच्या घरात जातो, आणि बिघडलं तर काढायचा खर्च वेगळा.

कुणी म्हणेल, ऑपरेशन नको, सुई चालेल. ती सुई म्हणजे फिलर. त्यात जेलीसारखा पदार्थ गालात टोचतात. तो सहा महिने, वर्ष, दीड वर्षात विरघळतो, मग पुन्हा टोचा, पुन्हा पैसे भरा. एका सुईला वीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतात. आणि ती सुई चुकून रक्ताच्या नळीत गेली तर वरची कातडी काळी पडून मरते, क्वचित डोळाही जातो. असं झालं तर लगेच उतारा द्यावा लागतो, तो देता येणारा डॉक्टरच समोर हवा. ब्युटी पार्लरमध्ये कुणी "मी टोचून देते" म्हणाली, तर चप्पल घालून बाहेर या.

आता आम्हाला या सगळ्यात सगळ्यात नवल कशाचं वाटलं ते सांगतो. अमेरिकेत बायका पैसे देऊन गालाचं हाड मोठं करून घेतात. आणि दक्षिण कोरियात बायका पैसे देऊन तेच हाड लहान करून घेतात! तिकडच्या लोकांची गालाची हाडं मुळातच रुंद असतात, आणि तिकडे निमुळता चेहरा सुंदर समजला जातो. म्हणून हाड कापून आत सरकवतात. एकीकडे भरणी, दुसरीकडे कापणी. मग सुंदर गाल कोणता, हे ठरवलं कुणी?

हे ऐकल्यावर आम्हाला आपल्याच तालुक्यातल्या पोरी आठवल्या. आपल्या गोंड घरांतल्या कितीतरी पोरींची गालाची हाडं छान वर आलेली असतात. कचारगडच्या जत्रेत माघ पौर्णिमेला उभं राहिलं की असे हजारो चेहरे दिसतात. शाळेत याच पोरींना "चपट्या तोंडाची" म्हणून चिडवतात. फोटो काढताना त्या गाल आत ओढून घेतात, आम्ही पाहिलं आहे. आणि शहरात असंच वर आलेलं हाड मिळावं म्हणून लोक लाख रुपये देऊन सिलिकॉन बसवतात. जुन्या आजीबाईंना हनुवटीवर, गालावर गोंदणाचा ठिपका असायचा, तोही चेहरा सजवण्यासाठीच होता, तोही टोचूनच. म्हणजे हौस जुनी आहे. हौस करणाऱ्या बाईला आम्ही नावं ठेवत नाही. पण कुणीतरी चिडवलं म्हणून करायचं आणि आपल्याला हवंसं वाटलं म्हणून करायचं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कर्ज देताना गटाला हा फरक विचारावाच लागतो.

आमच्या एका गटात हा प्रश्न खरंच आला. गावाचं नाव सांगत नाही. गटातल्या एका ताईने चाळीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण लिहिलं होतं "मुलीचं औषधपाणी". अध्यक्षाबाईंनी विचारलं तेव्हा ताई रडायला लागली. मुलगी बावीस वर्षांची. दोन ठिकाणची पाहुणे मंडळी येऊन गेली. एका पाहुणीने जाताना म्हटलं, पोरगी बरी आहे, पण गाल बसलेले आहेत, आजारी दिसते. तेव्हापासून मुलीने जेवण कमी केलं आणि मोबाईलवर गाल भरायचा दवाखाना शोधून काढला.

बैठकीत एकच गलका झाला. कुणी म्हणालं, "गटाचा पैसा गालात घालाचा का वं?" कुणी म्हणालं, लग्नच मोडत असेल तर बिचारीनं काय करावं. एक म्हातारी सदस्य गप्प होती. ती एवढंच म्हणाली, "पोरीचे गाल बसले काऊन, थे त पाहा आधी."

सगळ्यांना तेच पटलं. कर्ज नाकारलं नाही, पुढच्या बैठकीपर्यंत थांबवलं आणि मुलीला तिच्या मावशीबरोबर गोंदियाला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं, तर तिच्या तोंडात तिचीच दोन बोटंसुद्धा जेमतेम जात होती. शाळेत असल्यापासून ती गोड सुपारीची पुडी खात होती. सुपारीने गालाच्या आतली मऊ कातडी दोरासारखी ताठ होत जाते, गाल आत ओढला जातो, तोंड उघडेनासं होतं, तिखट लागलं की आग होते. वर मागच्या दोन-दोन दाढा किडून काढलेल्या होत्या, त्यामुळे गालाला आतून आधार नव्हता. आणि रक्त कमी होतं. आता सांगा, अशा तोंडात हिरडीवर चीर देऊन सिलिकॉन बसवलं असतं तर काय झालं असतं? तोंडच जिथे उघडत नाही तिथे डॉक्टर हात कुठून घालणार?

गटाने दाढा बसवायला आणि औषधाला कर्ज दिलं, मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी. सुपारी सुटली, तोंड उघडायचे व्यायाम ती रोज करते. ताठ झालेला गाल पूर्वीसारखा पूर्ण मऊ होत नाही, पण सुपारी सोडली तर वाढणारा त्रास थांबवता येतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गाल भरले का, असं विचाराल तर थोडे. कर्जाचे हप्ते मात्र वेळेवर येतात.

बायांनो, आपल्या भागात गालाचा खरा वैरी इथेच आहे. खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घासून केलेला. गडीमाणसं खातात, आणि आपण बाया काय करतो? रोवणीला गेलो की कमरेच्या पिशवीत पुडी असते. छत्तीसगडच्या बाजूने गुडाखू येतो, तो दाताला घासल्याशिवाय कितीतरी जणींची सकाळ होत नाही. सरकारने 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आणली, पण खर्रा चौकातल्या टपरीवर घासून मिळतो. पुडी गालात ज्या जागी धरून ठेवतो, तीच जागा आधी पांढरी, लाल किंवा खरखरीत होते, मग फोड येतो, तो बरा होत नाही. आपल्या देशात तोंडाचा कर्करोग मोठ्या संख्येने होतो तो गालाच्या आत आणि खालच्या हिरडीच्या कडेला, म्हणजे नेमका पुडीच्या जागी.

तो कर्करोग काढताना गाल कापावा लागतो. कधी जबड्याचं हाडही जातं. मग डॉक्टर त्याच माणसाच्या छातीवरचं मांस आणि कातडी, रक्ताची नळी न तोडता, मानेतून वर फिरवून गालाच्या भोकावर शिवतात. कधी पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड काढून त्याचा जबडा घडवतात. ही सुद्धा चेहऱ्याची प्लास्टिक सर्जरीच. कोरोनानंतर 2021 मध्ये काळी बुरशी आली होती, आठवते ना? त्यात कितीतरी जणांचा वरचा जबडा आणि गालाचं हाड काढावं लागलं. तेव्हाही याच विद्येने लोकांना पुन्हा घास चावता आला.

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आपल्याला बादली आणि मग्गा आठवतो. पण या नावाचा बादलीच्या प्लास्टिकशी संबंध नाही. जुन्या ग्रीक भाषेतला हा शब्द आहे, अर्थ घडवणं, मातीला आकार देतात तसं. आणि याचीच एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कावसजी नावाचा एक मराठा गडी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. 1792 च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला, आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. तो माणूस कोण? वैद्य नाही, शास्त्री नाही. विटा पाडणाऱ्या जातीतला कारागीर. त्याने मेणाचं पातळ नाक करून कापल्या जागेवर बसवून पाहिलं, मग ते मेण सपाट करून कावसजीच्या कपाळावर ठेवलं आणि कडेने रेघ मारली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, भुवयांच्या मध्ये एक पट्टी तशीच जोडलेली ठेवली म्हणजे रक्त चालू राहील, आणि कातडी खाली वळवून नाकावर बसवली. वरून लावलं काय? कात! पानाला लावतो तोच, पाण्यात कालवून कापडाच्या पट्टीवर. चार दिवसांनी तुपात भिजवलेली पट्टी. पंचवीस दिवसांनी ती जोडलेली पट्टी कापली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिलं. 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात ते चित्रासकट छापून आलं, आणि ते वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने 1814 मध्ये तिकडे तसं नाक केलं. त्याहून कितीतरी आधी सुश्रुताच्या ग्रंथात नाकाच्या मापाचं पान घेऊन गालाची कातडी कापून नाक करायची रीत लिहिली आहे. म्हणजे गालाने दुसऱ्याचं नुकसान भरून द्यायचं काम जुन्या काळापासून केलं आहे.

त्या कारागिराचं नाव त्या मासिकात नाही. बैल हाकणाऱ्याचं आहे, डॉक्टरांचं आहे, ज्याने नाक केलं त्याचं नाही. आमच्या मनाला हे लागलं.

नाव राहिलेल्या एका माणसाचं मात्र सांगतो. डॉ. शरदकुमार दीक्षित, आपल्या पंढरपूरचे. अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले आणि वर्षानुवर्षं भारतात येऊन फुकट शिबिरं घेत राहिले. फाटलेला ओठ, पडलेली पापणी, चेहऱ्यावरचे व्रण, असे रुग्ण रांगेने यायचे. अपघातात त्यांचं अर्धं अंग दुबळं झालं, कर्करोगाने आवाज गेला, तरी हात चालू होते. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2011 मध्ये ते गेले. त्यांच्या शिबिरात ज्या पोरींचे ओठ शिवले गेले, त्या आज कुणाच्या तरी सुना असतील, आया असतील.

आता कामाचं बोलू, कारण इथे पैसा आपल्या खिशातून जायची गरज नाही. शोभेसाठी केलेली शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसत नाही. गालात इम्प्लांट हौसेने बसवायचं तर पूर्ण खर्च आपला. पण कर्करोग, भाजणं, अपघात, जन्मतः फाटलेला ओठ किंवा टाळू, यासाठीचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये आहेत. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेत असलेल्या दवाखान्यात जा आणि तिथे आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. आधी पैसे भरू नका, आधी आरोग्यमित्राला भेटा. कुठला दवाखाना योजनेत आहे ते 155388 या क्रमांकावर विचारता येतं. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीचं पथक येतं, तेव्हा फाटलेल्या ओठाच्या लेकराला घरात लपवू नका. ग्रहणात आईने काही चिरलं म्हणून ओठ फाटला, असं अजूनही काही घरांत बोलतात आणि त्या बाईला आयुष्यभर दोष देतात. त्याचा ग्रहणाशी काही संबंध नाही. पोटात बाळाचा चेहरा पहिल्या तीन महिन्यांत जुळत असतो, तेव्हा एखादी जोडणी राहून जाते.

आणि ज्या ताईचा गाल कर्करोगात गेला आहे, जी पदर तोंडावरून सरकू देत नाही, लग्नाला येत नाही, गटाच्या बैठकीत दाराशी बसते, तिला आम्हाला सांगायचं आहे की पहिलं ऑपरेशन झालं म्हणजे सगळं संपलं असं नसतं. लाळ गळत असेल, घास बाहेर येत असेल, तर त्यासाठी पुढचे उपचार असतात. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात टाळूला आणि जबड्याला कृत्रिम भाग बसवून देतात. तिच्याबरोबर नागपूरला जायला एक बाई हवी असते, बहुतेक वेळा अडतं ते तिथेच. सालेकशाहून गाडी आहे, सोबत नाही. गटाने वर्षातून दोन-तीन फेऱ्यांची पाळी लावून घेतली तर हे जमतं. एका ग्रामसंघाने प्रवासासाठी वेगळा निधीही ठेवला आहे.

एवढं सगळं ऐकूनही कुणाला आपल्या कमाईने, आपल्या मर्जीने गालाची हौस करायची असेल तर जरूर करा. फक्त डॉक्टरची पदवी पाहा, प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी आहे का. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. बसवणार ती वस्तू कोणत्या कंपनीची, बिघडली तर काढायला किती लागतील, हे कागदावर लिहून घ्या. "आजच पैसे भरा, सूट आहे" असं म्हणणाऱ्या ठिकाणी एक रात्र घरी झोपून मगच उत्तर द्या. आणि गटाच्या अर्जात कारण खरं लिहा. "औषधपाणी" लिहू नका. खरं लिहिलं तर निदान चार बायका मिळून विचार तरी करतील.

पुढच्या बैठकीत एक काम करा. हजेरी झाली की प्रत्येकीने तोंड उघडून आपली तीन बोटं उभी धरून आत जातात का ते पाहायचं. हात आधी धुवा बरं. मग मोबाईलच्या उजेडात एकमेकींच्या गालाची आतली बाजू, हिरडी आणि जीभ पाहायची. पांढरा किंवा लाल डाग, दोन आठवडे होऊनही न भरलेला फोड, तीन बोटं न जाणं, यातलं काही असेल तर ग्रामीण रुग्णालयात जायचं, आशाताईला सोबत घ्यायचं. कुणाला काय सापडलं ते वहीत लिहून ठेवा, आम्ही महिन्याच्या शेवटी येऊन पाहू. आणि गडीमाणसांचीही तोंडं उघडून पाहा, ते कुरकुरतील, पण पाहा.